स्टिअरिंग वळवलं की बोंबलतो, दाबला की गप्प: जुन्या फियाटच्या हॉर्नचं वायरिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. गाडी १९६८ ची फियाट ११०० डिलाइट, आजोबांनी घेतलेली, अजून चालती. स्टिअरिंगवरचं क्रोमचं कडं दाबलं तर सरळ रस्त्यावर हॉर्न बहुतेक वेळा वाजत नाही. वळण घेताना दाबलं तर वाजतो. आणि स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे नेलं की कुणी हात न लावता आपोआप बोंबलतो. एका गॅरेजने दोन्ही हॉर्न बदलले, दुसऱ्याने रिले (थोड्या करंटवर चालून हॉर्नचा मोठा करंट जोडणारा स्विच) बदलला. तिसऱ्याचं म्हणणं, वायरिंग जुनं झालंय, सगळं हार्नेस (वायरींचा जुडगा) नवीन टाका, नाहीतर डॅशबोर्डखाली वेगळं बटण लावून घ्या. तुम्ही विचारताय की यातलं काय करू.

आत्ता तरी यातलं काहीच करू नका. स्टिअरिंगच्या कोनाप्रमाणे हॉर्नचं वागणं बदलतंय, म्हणजे बिघाड वळणाऱ्या भागात आहे. हॉर्न वळत नाही, रिले वळत नाही, बॉनेटखालची वायर वळत नाही. वळतं ते कडं, त्याखालचा हब (स्टिअरिंगचा शाफ्टवर बसणारा मधला भाग), शाफ्ट आणि त्यावर घासणारा काँटॅक्ट. आतापर्यंत बदललेले सुटे भाग बहुधा निर्दोष होते. जुने हॉर्न अजून गॅरेजमध्ये पडले असतील तर परत मागून घ्या, ते नव्यांपेक्षा बरे असण्याची शक्यता आहे. दुसरं म्हणजे तुमच्या गाडीत एक नाही, दोन बिघाड असावेत. सरळ रस्त्यावर गप्प राहणं म्हणजे जिथे जोड व्हायला हवा तिथे होत नाही. उजवीकडे आपोआप वाजणं म्हणजे जिथे होऊ नये तिथे होतोय. ही दोन दुखणी एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून एकच भाग बदलून दोन्ही जातील अशी आशा धरू नका.

आता मूळ मुद्दा. बरेच वायरमनसुद्धा इथेच फसतात. घरातल्या बेलचं बटण दाबलं की बटणातून करंट बेलकडे जातो, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून ते स्टिअरिंगच्या कड्यापाशी ‘करंट येतोय का’ हे शोधत बसतात. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत कडं करंट देत नाही, ‘अर्थ’ (अर्थिंग) देतं, म्हणजे वायर गाडीच्या बॉडीमार्फत बॅटरीच्या मायनसला जोडतं. बॅटरीचा प्लस फ्यूजमधून हॉर्नच्या एका टोकाला कायम पोचलेला असतो. हॉर्नच्या दुसऱ्या टोकापासून, किंवा रिले असेल तर रिलेच्या कॉइलपासून, एक वायर कॉलममधून, म्हणजे शाफ्ट ज्या नळीत फिरतो तिच्यातून, वर कड्यापर्यंत येते आणि तिथे अधांतरी राहते. कडं दाबलं की ती वायर स्टिअरिंगच्या हबला टेकते. हबमधून शाफ्ट, शाफ्टमधून बेअरिंग आणि स्टिअरिंग बॉक्स, तिथून बॉडी, आणि बॉडीतून बॅटरीचा मायनस. म्हणजे अर्धं सर्किट वायरचं आहे आणि उरलेलं अर्धं लोखंड, ग्रीस आणि रंग यांच्यामधून जातं. वायर सगळे तपासतात. हे दुसरं अर्ध कुणी तपासत नाही.

याचा एक परिणाम नीट लक्षात ठेवा. रिले नसलेल्या सर्किटमध्ये कडं दाबलेलं नसताना टेस्ट लॅम्प (एक टोक बॉडीला लावलेला तपासणीचा दिवा) लावला तर हॉर्नच्या दोन्ही टोकांना दिवा लागतो. एका टोकाला प्लस थेट आलेला असतो, दुसऱ्या टोकाला तो हॉर्नच्या कॉइलमधून आलेला असतो. हे बघून ‘दोन्हीकडे करंट, हॉर्न आतून शॉर्ट’ असा निकाल देऊन चांगले हॉर्न भंगारात टाकलेले मी पाहिलेत. दोन्हीकडे दिवा लागणं हीच खरं तर हॉर्नची कॉइल आणि फ्यूज शाबूत असल्याची खूण आहे.

तुमच्या गाडीत रिले आहे असं तुम्ही लिहिलंय, पण तो सर्किटमध्ये खरंच काम करतोय की नुसता बसवलाय हे आधी ठरवा. पन्नासपेक्षा जास्त वर्षांच्या गाडीत किती हात फिरलेत याचा हिशेब नसतो. कंपनीच्या वायरिंगच्या नकाशावर विसंबून राहू नका; नकाशा गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीचा असतो. डिलाइट, १९७२ नंतरची प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची पद्मिनी ही एकाच घराण्यातली, सगळी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची, आणि यांचे सुटे भाग एकमेकांत इतके मिसळलेले असतात की आतून कोणती गाडी कोणत्या सालची हे सांगणं अवघड होतं. रिले चालू आहे की नाही हे शोधायला एक सोपी युक्ती आहे. कॉलममधून येणारी हॉर्नची वायर डॅशबोर्डखाली किंवा कॉलमच्या खालच्या टोकाला जिथे हार्नेसला जोडली जाते तो जोड शोधा. टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीवरच्या स्वच्छ बोल्टला लावा आणि टोक त्या जोडाला टेकवा. रिले सर्किटमध्ये असेल तर हॉर्न वाजेल आणि दिवा जेमतेम तांबूस होईल किंवा लागणारच नाही, कारण रिलेच्या कॉइलला फार थोडा करंट पुरतो आणि तो दिव्यातूनही मिळतो. हॉर्न थेट जोडलेले असतील तर उलट होईल: दिवा बऱ्यापैकी लागेल आणि हॉर्न गप्प राहील, फार तर टक् करेल.

आता खरी निर्णायक चाचणी, आणि हिला स्टिअरिंग उघडावं लागत नाही. तोच जोड सोडवा. हार्नेसकडून आलेलं टोक हातात घ्या आणि बॉडीच्या खरवडून स्वच्छ केलेल्या जागी क्षणभर टेकवा. हॉर्न खणखणीत वाजला तर बॅटरी, फ्यूज, रिले, हॉर्न, पुढची सगळी वायर ठीक. बिघाड कॉलममध्ये, आणि हार्नेसचा विषय संपला. वाजला नाही किंवा कण्हल्यासारखा वाजला, तर कॉलम राहू द्या, आधी पुढे बघा. आणि वायर सोडवलेली असतानाही हॉर्न वाजतच राहिला, तर रिले चिकटलाय किंवा पुढची वायर कुठेतरी बॉडीला लागलीय. तुमच्या वर्णनावरून पहिलंच उत्तर येईल अशी माझी अटकळ आहे. तरी चाचणी करा, अटकळीवर स्टिअरिंग काढू नका.

बिघाड पुढच्या भागात, म्हणजे बॉनेटकडे, निघालाच तर त्याबद्दल थोडक्यात. त्या काळच्या फियाटमधले फ्यूज म्हणजे टोकदार गोळ्या, पट्टी बाहेरून दिसणारी. पट्टी शाबूत असते पण दोन टोकांना पांढरी-हिरवी बुरशी चढते. फ्यूज बोटांनी दोन्ही क्लिपांत गोल फिरवून बघा. हॉर्न वाजायला लागला तर क्लिप पॉलिश पेपरने घासून जरा आत दाबा. हॉर्न तपासायचा असेल तर गाडीच्या वायरी काढून बॅटरीवरून थेट दोन जाड वायरी लावा. टक् होतो पण आवाज नाही, तर मागचा स्क्रू पाव वळसा इकडे, पाव वळसा तिकडे करून पाहा. आतले पॉइंट कधी उघडतात ते त्या स्क्रूवर ठरतं. आवाज मोकळा झाला की थांबायचं, आणखी पिळत बसायचं नाही.

नवीन हॉर्न बसवलेत म्हणून एक धोक्याची गोष्ट. बाजारात एकाच टर्मिनलचे हॉर्न मिळतात, ज्यांचा दुसरा जोड त्यांच्या लोखंडी पट्टीतून बॉडीला जातो. रिलेच्या सर्किटमध्ये ते चालतात. थेट, अर्थ देणाऱ्या सर्किटमध्ये ते बसवले तर प्लस जोडल्याबरोबर वाजायलाच लागतात. मग कुणीतरी ‘जुगाड’ म्हणून कॉलमची वायर प्लसला जोडतो आणि कड्यातून करंट पुढे पाठवायला बघतो. तसं केलं आणि कडं दाबलं की प्लस सरळ हबला, म्हणजे बॉडीला, शॉर्ट होतो. तुमच्या गाडीत असा प्रयोग झाला नाही ना, हे हॉर्नची टर्मिनलं मोजून बघून घ्या.

आता कॉलम. जोड सोडवलेला असतानाच कॉलमकडचं टोक घ्या आणि बॅटरीच्या प्लसपासून एक फ्यूज लावलेली वायर आणून तिच्यात इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घालून त्या टोकाला जोडा. मल्टिमीटर का नाही, तर मीटर तपासताना इतका किरकोळ करंट सोडतो की वायरचा एकच केस शिल्लक असला तरी शून्य ओहम दाखवतो. २१ वॅटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात. खोटा जोड तिथे उघडा पडतो. शिवाय बल्ब डोळ्यांसमोर ठेवून स्टिअरिंग फिरवता येतं, मीटरचे आकडे तोवर नाचत राहतात. पुढची चाकं जॅकवर उचला, म्हणजे जागेवर फिरवताना ओढाताण नाही, आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सावकाश न्या. एकदा कडं न दाबता, एकदा दाबून धरून. न दाबता बल्ब नेमका कोणत्या कोनात लागतो आणि दाबून धरल्यावर नेमका कुठे विझतो, या दोन जागा हबवर आणि कॉलमच्या कव्हरवर खडूने मारून ठेवा. हे दोन खडूचे डाग म्हणजे तुमचं अर्ध निदान.

दाबलेलं असताना सरळ स्थितीत बल्ब मंद होतो किंवा विझतो, तर दोन शक्यता. पहिली, पितळी रिंग. या गाड्यांच्या वळणाऱ्या हबवर पितळी रिंग असते आणि कॉलममधून स्प्रिंगवर बसलेली कांडी किंवा पत्ती तिच्यावर घासते. गाडी आयुष्यभर बहुतेक सरळच चालते, त्यामुळे कांडी रिंगच्या एकाच जागी बसून असते, तिथे खळगा पडतो, त्यात काळं ग्रीस आणि पितळेची पूड साचते. वळवलं की कांडी चांगल्या भागावर येते आणि हॉर्न वाजतो. तुमचं लक्षण शब्दशः हेच आहे. दुसरी शक्यता शाफ्टच्या अर्थची. ती वेगळी काढायला क्रोकोडाइल क्लिपची लांब वायर घ्या, एक टोक स्टिअरिंगच्या मधल्या नटला, दुसरं सरळ बॅटरीच्या मायनसला. बल्ब आता सगळीकडे सारखा लागला तर रिंग निर्दोष, अर्थ दोषी. फरक पडला नाही तर रिंग.

अर्थ कसा जातो ते ऐका, कारण हे कुठल्याही दुरुस्तीच्या पुस्तकात धड दिलेलं नसतं. शाफ्ट वर ज्या बुशमध्ये फिरतो तो झिजला की टर्नरकडून नायलॉनचा करून घेतात. स्टिअरिंग छान हलकं होतं, हॉर्न जातो, आणि दोघांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. मग अर्थला एकच वाट उरते, खाली स्टिअरिंग बॉक्समधून; तिथे दातांमध्ये ग्रीसचा थर, आणि बॉक्स ज्या ठिकाणी बॉडीला बोल्ट केलाय तिथे गाडी रंगवताना मारलेला प्रायमर. ग्रीस कधी दाबलं जातं, कधी नाही, म्हणून जोडही कधी होतो, कधी नाही. गेल्या काही वर्षांत तुमच्या गाडीचा कॉलम बुश बदलला असेल किंवा गाडी पूर्ण रंगवली असेल तर मला आधी हाच संशय येईल. उपाय साधा: बॉक्सचा एक बोल्ट काढा, त्याखालची जागा लोखंड दिसेपर्यंत घासा, तिथून विणलेली तांब्याची अर्थ पट्टी बॉडीला द्या. वरचा बुश नायलॉनचा असेल तर शाफ्टवर हलकी घासणारी फॉस्फर ब्राँझची पत्ती कॉलम ट्यूबवर बसवून घ्या. फिरणाऱ्या शाफ्टला वायर गुंडाळून अर्थ द्यायचा नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. ती वायर एक दिवस वळणावर अडकेल, आणि तेव्हा हॉर्नचा प्रश्न गौण असेल. फोक्सवॅगन बीटल ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी: तिच्या शाफ्टमध्ये रबरी कपलिंग असतं, रबर अर्थ तोडतं, म्हणून कपलिंगवरून एक छोटी जोड वायर दिलेली असते. कपलिंग बदलताना ती वायर फेकून दिली जाते आणि मालक हॉर्न बदलत बसतो.

दुसरा डाग, म्हणजे न दाबता उजवीकडे बल्ब लागतो तो. कडं, त्याची स्प्रिंग आणि त्याखालचे वॉशर सगळं काढून पुन्हा फिरवा. आता लागत नसेल तर दोष कड्याच्या बैठकीत: इन्सुलेशनचा फायबर वॉशर चिरलाय, किंवा कडं कधीतरी वाकलंय आणि हबच्या एका बाजूला टेकण्याच्या बेतात आहे. कडं काढल्यावरही लागत असेल तर खाली वायर सोलली आहे. डिलाइटला गिअर कॉलमवर, त्यामुळे गिअरची दांडी आणि तिचे जोड त्याच कॉलमला लागून फिरतात. वायर क्लिपमधून सुटली की त्यांच्यात सापडते. मग आणखी एक तपासणी करा: स्टिअरिंग सरळ ठेवून फक्त गिअर बदला. पहिल्यात किंवा रिव्हर्सला बल्ब लुकलुकला, तर जागा सापडली.

स्टिअरिंग काढायची वेळ आलीच तर घाई नको. बॅटरीचा मायनस काढा, चाकं सरळ करा, कडं सोडवा. कड्याच्या बैठकीत ओतीव धातूचे तुकडे असतात, ते ठिसूळ झालेले असतात. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, मागून स्क्रू आहेत की दाबून फिरवायचं आहे हे बघूनच हात लावा. कडं तुटलं तर दुसरं मिळणं कठीण. मुंबईत ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं पुरी करून २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सी भंगारात निघत होत्या तोवर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सामान निघायचं. डिलाइटचं अखंड क्रोमचं कडं मात्र तेव्हाही सहज हाती लागत नसे. मधला नट सोडवण्याआधी शाफ्ट आणि हब दोन्हीवर पंचने खूण करा. नट पूर्ण काढू नका, शेवटचे दोन-तीन आटे राहू द्या, आणि पुलर लावा. नट शाफ्टवर राहिला तर स्टिअरिंग सुटताना तोंडावर येत नाही. शाफ्टवर हातोडी नाही. तो ठोका खाली बेअरिंगला आणि बॉक्सला जातो, आणि जुन्या स्टिअरिंगचा प्लास्टिक हब तडकतो तो वेगळाच. एअरबॅगच्या गाडीला यातलं काहीही लागू नाही. तिथे हे उद्योग करूच नयेत.

इंग्लिश गाड्यांच्या मालकांसाठी जाता जाता: तिथल्या काही जुन्या गाड्यांत हॉर्नची वायर पोकळ शाफ्टच्या आतल्या बारीक नळीतून थेट स्टिअरिंग बॉक्सच्या खालून बाहेर येते. ती नळी सोडवायला खालचा नट उघडला की बॉक्समधलं तेल जमिनीवर. आधी खाली भांडं ठेवा. आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेल्या; एमजीबी ही स्पोर्ट्स कार तर १९६७ पर्यंत. हॉर्नला प्लस-मायनसचं काही सोयरसुतक नसतं, पण आत डायोड असलेला आधुनिक रिले उलटा जोडला तर तो डायोड जळतो.

रिंगची सफाई करताना भरड पॉलिश पेपर वापरू नका, ओरखडे पडले की कांडी लवकर झिजते. ४०० नंबरचा पेपर, मग काँटॅक्ट क्लीनर, मग कापडाने पेट्रोलियम जेलीचा पुसटसा हात. बेअरिंगचं ग्रीस तिथे चोपडायचं नाही. खळगा खोल असेल तर पेपरने जाणार नाही. टर्नरकडे रिंग लेथवर हलकी फिरवून घ्या. कांडी स्प्रिंगवर मोकळी खाली-वर होते का बघा, बऱ्याचदा ती झिजलेली नसते, नुसती अडकलेली असते. कांडी नसेलच तर डायनॅमोचा जुना कार्बन कानसने घासून त्या मापाचा करतात, रिले असेल तर तो चालतो. त्या जागी लोखंडी स्क्रू बसवलेला दिसला तर ताबडतोब काढा, तो रिंग कापून टाकतो.

इन्सुलेशनचे वॉशर हायलमच्या (करंट न वाहणाऱ्या कडक लॅमिनेटच्या) शीटमधून कापून घेता येतात. जाडी मूळ वॉशरइतकीच ठेवा, तुटका असला तरी तुकडा मापाला जपून ठेवा. पातळ झाला तर कडं कायम टेकलेलं, जाड झाला तर दोन्ही अंगठे लावूनही वाजणार नाही. काळी चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका. उन्हात उभ्या गाडीत तिचा गोंद वितळतो आणि सगळी बैठक चिकट होते. कॉलममधली वायर नवीन टाकताना अखंड टाका, मध्ये जोड नको, वरून फायबरग्लासची स्लीव्ह. हलणाऱ्या जागी टोकाला डाग (सोल्डर) देऊ नका. डाग दिलेला भाग ताठ होतो आणि वायर बरोबर त्याच्या पुढे तुटते. थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) नीट दाबून बसवलेली पुरते. वायरला थोडी ढील हवी, पण गिअरच्या दांडीपर्यंत पोचेल इतकी नाही.

रिलेबद्दल. तुमचे हॉर्न थेट जोडलेले निघाले तर रिले जरूर घाला, आणि का ते आकड्यांत सांगतो. दोन हॉर्न मिळून साधारण ८ अँपिअर घेतात असं धरा. कांडी, रिंग, शाफ्ट, ग्रीस या सगळ्यात मिळून फक्त अर्धा ओहम अडथळा असेल, तरी ढोबळ हिशेबाने तिथेच ३ व्होल्ट खर्ची पडतात आणि हॉर्नला ९ उरतात, आवाज बसतो. रिलेच्या कॉइलला जेमतेम ०.१५ अँपिअर लागतो. तोच अर्धा ओहम तिथे ०.०७ व्होल्ट खातो, म्हणजे काहीच नाही. शिवाय रिंगवर ठिणगी पडत नाही, ती पुढची अनेक वर्षं स्वच्छ राहते. जोडणी अशी: बॅटरीपासून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून अडीच चौरस मिलीमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, तिथूनच एक ८६ ला. ८७ दोन्ही हॉर्नना, हॉर्नची दुसरी टोकं बॉडीच्या स्वच्छ बोल्टला. ८५ कॉलमच्या वायरला, तिला एक चौरस मिलीमीटर पुष्कळ. पाच पिनांचा रिले दिला असेल तर मधली पिन बघून घ्या. तिच्यावर ८७ए असेल तर ती कड्याला हात न लावता चालू असते; हॉर्न तिथे जोडला तर कायम वाजतो.

रिले घातल्याने आपोआप वाजण्याचा त्रास मात्र जाणार नाही, उलट वाढेल. थेट सर्किटमध्ये अर्धवट सोललेल्या वायरचा पुसट जोड हॉर्न वाजवायला अपुरा पडतो. रिलेला तो पुरतो. म्हणून आधी कॉलम नीट करा, मग रिले. दुरुस्ती होईपर्यंत रस्त्यात हॉर्न अडकलाच तर फ्यूज उपटू नका, त्याच फ्यूजवर आणखी काय काय टांगलंय ठाऊक नसतं. बॉनेट उघडून हॉर्नच्याच वायरी ओढा, आणि त्या मोकळ्या टोकांना टेप लावा.

राहिला वेगळ्या बटणाचा प्रश्न. तात्पुरतं हवंच असेल तर बटणाचं एक टोक कॉलमच्या त्याच जोडाला, दुसरं बॉडीला द्या. प्लस तिथे आणायचा नाही. हे बटण कड्याला समांतर राहतं, पुढे कडं नीट झालं की दोन स्क्रू काढून बाजूला ठेवता येतं, आणि मूळ वायरिंगला कुठे चिरा पडत नाही. फक्त ते कायमचं समजू नका. तुमच्या गाडीचं आरसी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाणार, आणि पासिंगला निरीक्षक हॉर्न वाजवायला सांगतो तेव्हा आपला हात कड्यावर जायला हवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११९ व्या नियमाला चालू हॉर्न लागतो आणि एकामागून एक वेगळे सूर काढणारा हॉर्न चालत नाही, म्हणून शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलेल्या म्युझिकल हॉर्नचं उत्तर ‘नको’. डिलाइटचा मूळ दोन हॉर्नचा जोड, एक जाड आवाजाचा आणि एक बारीक, पूर्ण १२ व्होल्ट मिळाले तर घाटातल्या ट्रकलाही ऐकू जातो.